इन्सुलिनला दाद न देणारे शरीर आणि अपत्यप्राप्ती



आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी डॉक्टर नव्हे. मराठी घेऊन एम. ए. झालेली आणि गेली अनेक वर्षे विज्ञान व आरोग्य या विषयांवरील ग्रंथांचे भाषांतर करणारी एक स्त्री, एवढीच माझी ओळख. परंतु भाषांतरकाराला शब्दाशब्दापाशी थांबावे लागते, आणि आजच्या विषयातील दोन शब्दांपाशी मला फार वेळ थांबावे लागले. पहिला शब्द ‘वांझ’ आणि दुसरा ‘इन्सुलिन-प्रतिरोध’. पहिला शब्द शतकानुशतके बाईवर ठपका ठेवीत आला. दुसऱ्याने, निदान पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत, त्या ठपक्यामागचा शरीरव्यापार उलगडून दाखविला.

माझ्या एका मावसबहिणीची हकिकत सांगते. तिचे लग्न २००३ साली झाले. शाळेत असल्यापासूनच तिची पाळी तीन-तीन, चार-चार महिन्यांनी येई. हनुवटीवर राठ केस होते. मानेवरची कातडी काळसर व जाड झालेली होती, आणि तो मळ आहे असे समजून मावशी बेसन व लिंबू लावून ती घासत असे. लग्नाला चार वर्षे झाली तरी मूल नाही, तेव्हा उपासतापास, नवससायास सुरू झाले. एका डॉक्टरांनी ‘वजन कमी करा’ एवढेच सांगून तिची बोळवण केली. तिच्या यजमानांची तपासणी करावी असे कोणाच्याही मनात आले नाही. पुढे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिला मधुमेह असल्याचे आढळून आले. ‘मूल कधी?’ हा प्रश्न तिला शेकडो वेळा विचारला गेला होता. तिच्या रक्तातील साखर मात्र तोवर एकदाही मोजली गेली नव्हती.

या दोन गोष्टींचा, म्हणजे मूल न होण्याचा आणि साखरेचा, संबंध काय? तो उमगायला वैद्यकालाही बराच काळ लागला. इटलीतील वैद्य आंतोनिओ वाल्लिस्नेरी यांनी १७२१ मध्ये अपत्यहीन असलेल्या एका तरुण शेतकरी स्त्रीच्या बीजकोशांचे वर्णन लिहून ठेवले आहे: आकाराने मोठे, पांढरे, चकचकीत, कबुतराच्या अंड्यांसारखे. १९३५ मध्ये शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी अशा सात स्त्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. बीजकोशाचा पाचरीएवढा भाग कापून काढल्यावर त्या सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले. साहजिकच दोष बीजकोशातच आहे, असे सर्वांनी धरले. वास्तविक १९२१ मध्येच पॅरिस येथील अशार आणि तिएर यांनी दाढी असलेल्या स्त्रियांमधील मधुमेहाचे वर्णन केले होते. परंतु ते दोन धागे कोणी एकत्र गुंफले नाहीत.

ते गुंफण्यासाठी रक्तातील इन्सुलिन मोजता येणे आवश्यक होते. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० मध्ये त्याची पद्धत सिद्ध केली. त्या कार्याबद्दल यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तत्पूर्वीच, १९७२ मध्ये, निवर्तले होते. त्यानंतर १९८० मध्ये बर्गेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या स्त्रियांच्या रक्तात पुरुषी संप्रेरकांबरोबर इन्सुलिनही वाढलेले असते. १९८९ मध्ये आंद्रेआ ड्युनेफ यांनी त्यात मोलाची भर घातली. हा दोष केवळ स्थूलतेचा परिणाम नसून सडपातळ स्त्रियांतही तो असू शकतो, असे त्यांच्या संशोधनातून दिसून आले.

आता हे घडते कसे, ते पाहू. ‘प्रतिरोध’ या शब्दात हट्टाची छटा आहे. म्हणून मला ‘दाद न देणे’ हा आपला साधा वाक्प्रचार अधिक जवळचा वाटतो. घरात एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला कमी ऐकू येत असेल, तर आपण काय करतो? मोठ्याने हाक मारतो. त्यांचे काम होते. पण शेजारच्या खोलीत निजलेले मूल दचकून उठते. शरीरातही असेच घडते. स्नायू आणि यकृत इन्सुलिनच्या हाकेला दाद देईनासे झाले की, स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडते. त्यामुळे रक्तातील साखर कित्येक वर्षे ठीक दिसते. परंतु बीजकोश बहिरा झालेला नसतो. वाढलेल्या इन्सुलिनमुळे तो गरजेपेक्षा जास्त पुरुषी संप्रेरके निर्माण करू लागतो. शिवाय, ही संप्रेरके बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृतात तयार होते, तेही घटते. म्हणून मोकळ्या संप्रेरकांचा प्रभाव वाढतो. परिणामी बीजपुटके वाढता वाढता अर्ध्यावरच थांबतात. स्त्रीबीज परिपक्व होऊन बाहेर पडत नाही, पाळी लांबते आणि गर्भ राहणे कठीण होते. सोनोग्राफीत ज्या ‘गाठी’ दिसतात, त्या वस्तुतः ही थांबलेली पुटकेच होत. मानेवरचा तो काळेपणाही मळ नसून वाढलेल्या इन्सुलिनची खूण असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील ८ ते १३ टक्के स्त्रियांना ही व्याधी असते, आणि त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते. आपल्या देशात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के! तात्पर्य, वजनकाटा आपल्याला सगळेच सांगत नाही. ‘मुलगी तर किडकिडीत आहे’, एवढ्याने निर्धास्त होऊ नये.

उपायांकडे वळू. वर्षाकाठी आठांहून कमी पाळ्या येत असतील, तर लग्नाची किंवा मुलाची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. अवटुग्रंथीचे विकार आणि इतर कारणे प्रथम वगळावी लागतात. निदान झाल्यावर ग्लुकोज पाजून साखरेची चाचणी करावी आणि पुढेही ती दर एक ते तीन वर्षांनी करावी, असे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. वजन जास्त असेल, तर ते ५ ते १० टक्क्यांनी उतरले तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. स्नायूंना काम दिले की, ते इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागतात. म्हणून व्यायाम सडपातळ स्त्रीलाही उपयोगी पडतो.

औषधांविषयी बोलावयाचे तर, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२६ स्त्रियांच्या अमेरिकन चाचणीत क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी २२.५ टक्के स्त्रियांना मूल झाले. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ७.२ टक्के होते. २०१४ च्या ७५० स्त्रियांच्या चाचणीत लेट्रोझोलने २७.५ टक्के, तर क्लोमिफेनने १९.१ टक्के स्त्रियांना मातृत्व लाभले. आपल्या सरकारने २०११ मध्ये या कामासाठी लेट्रोझोल वापरण्यास मनाई केली होती. ती २०१७ मध्ये उठविण्यात आली. मेटफॉर्मिन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. साखर आवरण्याचे त्याचे काम वेगळे आहे. कोणाला कोणते औषध द्यावे, हे अर्थातच डॉक्टरांनी ठरवावयाचे. आणि उपचार सुरू करण्यापूर्वी पतीच्या वीर्याची तपासणी झालीच पाहिजे. ती सोपी आहे, स्वस्त आहे आणि तिच्यात कमीपणा काहीही नाही.

माझ्या मावसबहिणीला आज मूल नाही. ती मधुमेहाची औषधे नेमाने घेते आणि रोज सकाळी तासभर चालते. मागील वर्षी तिच्या पुतणीची पाळी लांबू लागली, तेव्हा मुलीच्या आईचा विरोध असतानाही तिनेच तिला डॉक्टरांकडे नेले आणि स्वतः समोर बसून साखरेची चाचणी करविली. मुलगी सतरा वर्षांची आहे. तिच्या मानेला आता कोणी बेसन लावीत नाही.

भाषांतर करताना ‘वांझ’ हा शब्द मी कुठेही वापरला नाही. ‘जिला अद्याप मूल झालेले नाही अशी स्त्री’, असे लांबलचक लिहिले. संपादकांनी विचारले, इतके शब्द कशाला? मी म्हणाले, तेवढे लागतात.