लांबूनच बघायचं

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी फर्मान काढलं, "अमेरिकेतलं काहीतरी सांग." माझ्या नोकरीत सांगण्यासारखं काही नाही, दिवसभर संगणकासमोर बसून प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. म्हणून एका बोटीच्या फेरीबद्दल सांगते.

गेल्या एप्रिलमध्ये आई आली होती. तिला कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगला नेलं. तिथून एल्कहॉर्न स्लू नावाच्या खाडीत बोट जाते. चिखलाचा वास येताच आई म्हणाली, "अगं, ही तर आपलीच खाडी!"

धक्क्यापाशी सी लायनची झुंबड, कुत्र्यांसारखं भुंकणं चाललेलं. पुढे चिखलाच्या काठावर सील पहुडलेले, अगदी गप्प. आपल्या विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, "आधी नीट बघा, मग नाव सांगा." बघितलं. सी लायनला बाहेर इवलेसे कान असतात आणि मागचे पर पोटाखाली घेऊन तो चालतो. सीलच्या कानाच्या जागी नुसतं भोक, आणि जमिनीवर तो पोटावर सरकतो. बाई, माझे दोन गुण!

मग एक पिल्लू दिसलं, एकटंच. मी कासावीस झाले. गाइड म्हणाली, "आई मासे पकडायला गेली असेल. टाकलंय असं समजून लोक पिल्लू उचलतात आणि मायलेकरांची खरी ताटातूट तिथे होते." या प्राण्यांना त्रास देणं 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे. निदान 45 मीटर दूर राहायचं. आम्ही लांबूनच बघितलं.

परतताना आई हळूच म्हणाली, "तुला पुण्याला हॉस्टेलवर सोडलं ना, तेव्हा शेवटच्या एसटीची वेळ होईपर्यंत फाटकासमोरच्या टपरीशी उभी होते मी."

आई डोळ्यांत पाणी न आणता निघून गेली, हा राग मी पंचवीस वर्षं मनात धरला होता. त्या दिवशी मी मागे वळून बघितलंच नव्हतं.

गुरुजनहो, दहावीनंतर तुम्हीही आम्हाला सोडलंत. आज इथे आल्यावर कळलं, आमच्यातलं कोण कुठे आहे, हे तुम्हाला सगळं ठाऊक आहे.

त्या पिल्लाची आई काही आम्हाला दिसली नाही. मी सारखी मागे वळून बघत होते. आई म्हणाली, "येईल गं ती."