जीवाणूंत वाढवलेली जनुके आणि बर्ड फ्लूची लस



ज्या तंत्राचे प्राथमिक धडे जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गांत दिले जातात, त्याच तंत्रावर बर्ड फ्लूविरुद्धच्या लसनिर्मितीची पहिली पायरी उभी आहे. म्हणून कृत्रिम रीतीने घडवलेली विषाणूची जनुके जीवाणूंमध्ये वाढवण्याचे हे तंत्र कसे चालते, त्याची मर्यादा कोणती आणि त्यातून महाराष्ट्रावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार प्रस्तुत भाषणात केला आहे.

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील हंसांमध्ये १९९६ साली आढळलेल्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूच्या वंशातील विषाणूने पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना ग्रासले आणि त्यांपैकी ६ जणांचा बळी घेतला. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील कोंबड्यांमधला या रोगाचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला आणि तेथील पोल्ट्री व्यवसायाला लाखो पक्षी नष्ट होताना पाहावे लागले. पक्ष्यांच्याच एच९एन२ या दुसऱ्या उपप्रकाराचा भारतातील पहिला मानवी रुग्ण २०१९ साली मेळघाटातील एका बालकाच्या रूपाने समोर आला. हा विषय महाराष्ट्राला दूरचा नाही, हे या दोन नोंदींवरून स्पष्ट होते.

फ्लूची लस परंपरेने कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवून आणि नंतर तो निष्क्रिय करून बनवली जाते. परंतु कोंबड्यांना मारणारा एच५एन१ अंड्यातील भ्रूणालाही मारतो, त्यामुळे उत्पादन घटते आणि तो हाताळणाऱ्यांचा जीवही धोक्यात येतो. या मारकतेचे मूळ हिमॅग्लुटिनिन या प्रथिनात आहे. विषाणूच्या पृष्ठभागावर असलेले आणि पेशीला चिकटण्याचे काम करणारे हे प्रथिन एका ठरावीक जागी छेदले गेल्याशिवाय संसर्ग होत नाही. सौम्य प्रकारांत हा छेद केवळ श्वसनमार्ग आणि आतड्यांतील विकरेच, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनेच, देऊ शकतात. घातक प्रकारांत मात्र त्या जागी अल्कधर्मी अमिनो आम्लांची रांग असल्यामुळे शरीराच्या जवळजवळ प्रत्येक अवयवातील विकरे तो देतात. लशीसाठी ही रांग जनुकातूनच वगळावी लागते, आणि जनुकात असा बदल करायचा तर ते आधी डीएनएच्या रूपात हाती यावे लागते, कारण फ्लूच्या विषाणूचा जनुकसंच आरएनएच्या आठ तुकड्यांचा असतो.

येथे कृत्रिम जनुकाचे महत्त्व कळते. विषाणूचा अनुक्रम, म्हणजे त्याच्या जनुकांतील रासायनिक अक्षरांची ओळ, माहीत असेल तर डीएनएचे छोटे तुकडे रासायनिक पद्धतीने बनवून व जोडून सुमारे १,७०० अक्षरांचे हिमॅग्लुटिनिनचे जनुक प्रत्यक्ष विषाणूला हात न लावता घडवता येते. प्रयोगशाळेत जनुक घडवण्याचा हा मार्ग अविभाजित भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ हरगोविंद खुराना यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिला. तयार झालेले जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहान वर्तुळात बसवून ते ई. कोलाय या जीवाणूत शिरवले जाते. प्लाझ्मिडवर प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुकही असल्यामुळे प्रतिजैविक मिसळलेल्या माध्यमावर केवळ प्लाझ्मिड स्वीकारलेले जीवाणू वाढतात, आणि अनुकूल स्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होणाऱ्या या पेशी एका रात्रीत त्या जनुकाच्या अगणित प्रती देतात.

तथापि जीवाणू हे केवळ प्रती काढण्याचे साधन नाहीत. रासायनिक संश्लेषणात अक्षरांच्या चुका अटळ असल्यामुळे परीक्षानळीतील डीएनए शुद्ध व सदोष रेणूंचे मिश्रण असते. एका पेशीपासून वाढलेल्या वसाहतीत मात्र सहसा एकाच रेणूची वंशावळ असते, म्हणून अनेक वसाहतींचा अनुक्रम वाचून त्यांतील निर्दोष वसाहत निवडता येते. काही विषाणुजनुके जीवाणूंना मानवत नाहीत आणि वाढीदरम्यान त्यांत बदल होतात किंवा त्यांचे तुकडे गळतात. अशा वेळी कमी तापमान आणि पेशीत मोजक्याच प्रती ठेवणारे प्लाझ्मिड यांचा आधार घ्यावा लागतो. या तपासणीत ढिलाई झाली, तर पुढील सर्व श्रम चुकीच्या जनुकावर खर्च होतात.

१९९९ आणि २००० या वर्षांत विकसित झालेल्या उलट जनुकशास्त्राच्या पद्धतीत प्लाझ्मिडांवरील आठही जनुके प्राण्यांच्या पेशींत एकत्र सोडून विषाणू घडवला जातो. लशीच्या बीजविषाणूसाठी, म्हणजे ज्याच्यापासून लस बनवली जाते त्या मूळ विषाणूसाठी, त्यांपैकी सहा जनुके अंड्यांत उत्तम वाढणाऱ्या, १९३४ सालच्या पोर्टो रिको वाणाची, तर उरलेली दोन बर्ड फ्लूच्या विषाणूची घेतात. २०१३ मध्ये चीनने एच७एन९ विषाणूचा अनुक्रम जाहीर केला, तेव्हा विषाणूचा नमुना येण्याची वाट न पाहता अमेरिकेत त्याची जनुके कृत्रिमरीत्या घडवून काही दिवसांत बीजविषाणू उभा करण्यात आला. नमुने आपण द्यायचे आणि लस मात्र श्रीमंत देशांनाच मिळायची, या अन्यायाविरुद्ध इंडोनेशियाने २००७ साली नमुने देणे थांबवले होते व त्या वादातून २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी विषाणू व त्याचे लाभ वाटून घेण्याची चौकट स्वीकारली. आज नमुन्याचे काम पुष्कळ अंशी अनुक्रमानेच भागते. त्यामुळे अनुक्रम वाचून त्यापासून बीजविषाणू घडवण्याचे कौशल्य ज्याच्यापाशी आहे, त्याच्यावर लशीसाठी इतरांच्या दारी उभे राहण्याची वेळ येत नाही.

या तंत्राची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. ई. कोलाय आपल्या प्रथिनांना प्राण्यांच्या पेशींप्रमाणे शर्करेच्या साखळ्या जोडत नाही, म्हणून त्यात बनवलेल्या संपूर्ण हिमॅग्लुटिनिनला योग्य घडण मिळणे कठीण असते. या कारणाने जनुक जीवाणूत आणि प्रथिन अंड्यांत किंवा कीटकांच्या पेशींत, अशी कामाची विभागणी रूढ झाली. शिवाय विषाणू सतत बदलत असल्यामुळे एकदा बनवलेले बीज कायम पुरत नाही. असे सर्व काम जनुकबदल केलेल्या जीवांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे आणि त्यात कोणतीही सवलत मागू नये.

पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, भोपाळची राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आणि पुण्याचाच लसउद्योग ही भारताची मोठी संपत्ती आहे. परंतु मोजक्या संस्थांना लागणारे हात विद्यापीठांतच तयार होतात. म्हणून राज्यातील विद्यापीठांनी जनुक घडवणे, ते जीवाणूत वाढवणे आणि त्याचा अनुक्रम पडताळणे हे शिक्षण निरुपद्रवी जनुकांवर प्रत्यक्ष हाताने द्यावे, पशुवैद्यक व रेणुजीवशास्त्रज्ञ यांनी एकाच अभ्यासगटात बसावे, आणि नवापूरच्या पोल्ट्रीचालकालाही उमजेल अशा मराठीत या विषयाचे लेखन व्हावे. साथ आल्यावर प्रशिक्षण सुरू करणे हा उपाय नव्हे. ते आज, साथ नसताना सुरू करावे, असे सर्व संबंधितांना कळकळीचे आवाहन आहे.