थांबल्यावर दिसणारे काम



पेशी म्हणजे कारखाना, असे पुस्तकांत सांगतात. माझे आयुष्य कामगारांत गेले, म्हणून मला पहिला प्रश्न सुचतो तो हा, की एका खात्यातला माल दुसऱ्या खात्यात नेतो कोण? पेशीत हे काम सूक्ष्म पिशव्या करतात. जालिकेत तयार झालेली प्रथिने त्या गोल्गी नावाच्या खात्यात नेतात. तेथे त्यांवर शेवटचा हात फिरतो आणि मग ती बाहेर पडतात. ही ने-आण उलगडून दाखविल्याबद्दल रॉथमन, शेकमन व स्यूडहॉफ यांना २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गोल्गीतल्या पिशव्यांच्या घडणीवर आर्फ नावाच्या लहानशा प्रथिनाचे नियंत्रण असते. दुसरे एक प्रथिन त्याला जागे करते. जागे झालेले आर्फ गोल्गीच्या पटलाला चिकटते आणि पिशवी घडविणाऱ्या प्रथिनांना बोलावून घेते. ब्रेफेल्डिन-ए हे बुरशीपासून मिळणारे द्रव्य नेमके येथे आड येते. ते या दोघांपैकी कोणालाच मोडीत नाही. दोघांची गाठ पडते त्या क्षणी ते मध्ये पाचरीसारखे बसते. मग गाठ सुटत नाही, आणि आर्फ जागेही होत नाही.

१९८९ साली अमेरिकेत लिपिंकॉट-श्वार्ट्झ, क्लाउसनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की हे द्रव्य घालताच थोड्या मिनिटांत गोल्गी विसकटतो आणि त्यातील प्रथिने मागे जालिकेत मिसळतात. द्रव्य धुऊन टाकले, की गोल्गी पुन्हा उभा राहतो! म्हणजे ते खाते भिंतींवर उभे नव्हते. अखंड ने-आणीवर उभे होते. काम चालू असता हे कोणाच्या ध्यानात आले नाही, थांबल्यावर आले. हमालांचा संप ज्याने पाहिला आहे, त्याला हे नवल वाटणार नाही.

मग याचे औषध का होत नाही? प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी या द्रव्याने मरतात, हे खरे. परंतु निरोगी पेशींचीही वाहतूक ते तशीच अडविते. म्हणून ते आजही संशोधनाचे हत्यार आहे, रुग्णाचे औषध नव्हे. उद्या कोणी रामबाण सापडल्याची बातमी आणली, तर आपण एवढेच विचारावे : बाबा रे, तू काम थांबविलेस खरे, पण कोणाकोणाचे?