अवकाशाची घडण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश व काल यांची वक्रता होय, हे आइन्स्टाइनने १९१५ साली प्रतिपादिले. अणूंच्या जगात मात्र पुंजसिद्धान्ताचे राज्य. तेथे सर्व शक्यतांची बेरीज करावी लागते. या दोहोंचा मेळ अद्यापि बसलेला नाही.

यान आंबयॉर्न, येझी युर्केविच व रेनाटे लोल या संशोधकांनी त्यासाठी एक निराळा मार्ग धरिला. त्रिकोणासारखे चिमुकले तुकडे यदृच्छेने जोडून संगणकावर अगणित भूमिती रचावयाच्या व त्यांची सरासरी पाहावयाची. पूर्वीच्या प्रयत्नांत या रचनेचा एकतर चोळामोळा होई, नाहीतर तिला नुसत्या फांद्याच फुटत. कारण आधी व कार्य मागून, हा निर्बंध घालताच २००४ साली चतुर्मित विश्वाचा आकार उमटला! २००५ साली असेही आढळले की अतिसूक्ष्म अंतरावर ही मिती चारावरून दोनाच्या आसपास उतरते.

हे गणित प्रयोगाच्या कसोटीस अजून उतरावयाचे आहे. तथापि यदृच्छेला कार्यकारणाची शिस्त लागली तेव्हाच विश्व आकारास आले, ही गोष्ट मननीय आहे. आपल्या मुलामुलींनी भूमिती परीक्षेपुरती पाठ न करिता अशा प्रश्नांना हात घालावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.