धूर म्हणजे वाया गेलेले सरपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मोठमोठ्या विषयांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून जिच्यापुढे आपले निम्मे आयुष्य गेले, त्या चुलीविषयीच बोलायचे मी ठरविले आहे.

विषय ऐकून दोघीतिघी हसल्या. म्हणाल्या, "आता घरोघर गॅस आला, चुलीचे काय घेऊन बसलीस?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी शेगडी व टाकी आली. पण खरे सांगा, टाकी संपली की नवी आणायला पैसे जमेपर्यंत काय पेटते? घरातल्या आठ माणसांचे अंघोळीचे पाणी कशावर तापते? आणि दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून हजारो कोयते ऊसतोडीला जातात, ते मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत राहतात. तिथे पहाटे तीनला उठून भाकरी थापणारी आपलीच लेकबाळ तीन दगडांच्या चुलीपुढे बसते ना? तेव्हा चूल गेली असे म्हणून चालणार नाही. ती आहे तोवर तिच्याशी शहाणपणाने वागले पाहिजे.

पहिली गोष्ट धुराची. धूर म्हणजे पुरते न जळलेले सरपण. डोक्यावरून मोळी आणायची, आणि तिच्यातला बराच भाग धूर करून छपरातून सोडून द्यायचा, असा हा व्यवहार आहे. तीन दगडांच्या उघड्या चुलीत शंभरातली दहा-पंधरा भाग उष्णताच भांड्याला लागते, बाकीची वाऱ्यावर जाते. आणि धूर नुसता जात नाही, तो आपल्या छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, आणि त्यांत पाच वर्षांखालची लेकरे दोन लाखांहून अधिक होती. बायका खोकतात, डोळे पुसतात, आणि "ओल्या लाकडाचा धूर गं" म्हणून सोडून देतात. मांडीवरच्या बाळाला मात्र सोडून देता येत नाही. ते आपल्या बरोबरीने तोच धूर ओढत असते.

आता धूर कमी कसा करावा? याला पैसा फारसा लागत नाही. शिस्त लागते.

सरपण कोरडे हवे. ओले लाकूड आधी आपल्यातले पाणी उकळते, मग आपल्या डाळीचे. उन्हाळ्यात फोडून ठेवलेले लाकूड पावसाळ्यात सोन्यासारखे. मृग निघण्याआधी त्याची उतरंड आडोशाला, जमिनीपासून दोन विटा उंच रचावी. लाकूड मनगटापेक्षा जाड ठेवू नये, बारीक फोडलेले लवकर पेटते आणि पुरते जळते. तुराट्या आणि पळाट्या भुरकन पेटतात व भुरकन विझतात. त्या पेटवायला आणि तव्याखाली चांगल्या. बाभळीचा निखारा टिकतो, म्हणून तो डाळीला आणि दुधाला. गोवरी सावकाश जळते, पण धूर फार करते. घरात ती जितकी कमी तितके बरे. आणि प्लॅस्टिकची पिशवी, चपलेचा तुकडा, सायकलचे टायर यांनी चूल कधीही पेटवू नये. तो धूर विषारी असतो.

चुलीला श्वास हवा. आपण तोंडापर्यंत लाकडे कोंबतो आणि मग फुकणीने फुंकून जीव काढतो. लाकडाच्या खाली मोकळी जागा असली की वारा खालून येतो. जुन्या सळयांची जाळी किंवा दोन विटांवर आडवे लोखंड ठेवले तरी काम भागते. राख रोज काढावी. भांडे आणि चुलीची भिंत यांत बोटभर फट ठेवावी. फार मोठी फट असली तर धग बाहेर जाते, अजिबात नसली तर विस्तव गुदमरतो.

झाकण ठेवावे. डाळ, मटकी, हरभरा रात्री भिजत घालावा. आणि एक गोष्ट पुष्कळजणींना पटत नाही, पण ती खरी आहे : आधणाला एकदा उकळी आली की मोठा जाळ घातल्याने डाळ लवकर शिजत नाही. उकळत्या पाण्याची उष्णता आहे तेवढीच राहते, नुसती वाफ जास्त होते. म्हणून उकळी आली की दोन लाकडे मागे ओढावीत. माझ्या सासूबाई एकाच जाळात पूर्ण स्वयंपाक करीत. पुढे तवा, मागे वैलावर डाळ, भाकरी झाल्या की निखाऱ्यावर दूध, आणि शेवटी गरम राखेत वांगे. त्यांना शाळा माहीत नव्हती, पण हिशेब पक्का होता. अर्धवट शिजलेला भात किंवा डाळ पातेल्यासह टोपलीत ठेवून भोवती कडबा, वर जुनी गोधडी दाबून ठेवली तर ती आपल्या वाफेवर शिजते. मात्र पातेले चुलीवरून उतरवून बाहेरून पुसून, निखारा चिकटलेला नाही हे पाहूनच ठेवावे.

आता धुराड्याविषयी. बिनधुराच्या चुलीचा विचार आजचा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल निघाली. आणि आपला जिल्हा १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, तिथल्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची मातीची चूल तयार केली आणि १९५३ साली तिच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. म्हणजे आपल्या आज्या धुरात बसल्या होत्या तेव्हाच उपाय सापडलेला होता. पुढे १९८३ च्या सुमारास सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. देशात तीन कोटींहून अधिक चुली बसल्या, आणि २००२ साली तो कार्यक्रम थांबला. कितीतरी चुली पुढे मोडून पडल्या. कारण चूल बसवून माणूस निघून गेला, आणि धुराडे काजळीने भरले तर काय करावे हे घरधनिणीला कोणी सांगितले नाही. काहींचे भोक आपल्या पातेल्याला बसत नव्हते. चूल जिने वापरायची तिला विचारले नाही की असे होते.

यावरून आपण एवढे शिकावे : धुराडे पत्र्याच्या वर दोन फूट तरी जावे, आणि महिन्यातून एकदा, चूल गार असताना, लांब काठीला गोणपाट बांधून त्यातली काजळी काढावी. काजळी साचली की धूर घरात परततो, आणि कधी तीच काजळी पेटते. छप्पर पाचटाचे किंवा गवताचे असेल तर त्यातून धुराडे नेऊच नये. तिथे चूल बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला मांडावी.

आता जिवाची गोष्ट. आमच्या वस्तीवरच्या एका घराची कोपी फडावर जळाली. रात्री निखारे नीट विझविले नव्हते, पहाटे वारा सुटला आणि पाचट पेटले. माणसे वाचली. पण सहा महिन्यांचे दाणे, अंथरूण-पांघरूण आणि लेकीची शाळेची कागदपत्रे जळून गेली. वाळले पाचट पेटायला क्षण पुरतो. म्हणून कोपीपासून दहा-बारा पावले दूर चूल, चुलीभोवतीची जमीन झाडून मोकळी, आणि झोपण्याआधी निखाऱ्यांवर पाणी. नुसती राख झाकून भागत नाही, राखेत विस्तव रात्रभर जिवंत राहतो.

घरी जिथे गॅसची टाकी आहे, त्याच खोलीत चूल पेटवू नये. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, जमिनीवरून सरपटत चुलीपर्यंत पोचतो. विझत्या चुलीत रॉकेल, डिझेल, पेट्रोल कधीही ओतू नये, जाळ उलटा बाटलीकडे धावतो. चुलीपुढे नायलॉनचे पातळ नको. ते वितळून कातडीला चिकटते. सुती लुगडे, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि लाकडाचे टोक चुलीबाहेर फार न आलेले, म्हणजे रांगते मूल त्याला धरणार नाही. पाण्याची बादली हाताशी असावी.

बाळंतिणीच्या खोलीविषयी मला मुद्दाम सांगायचे आहे. बाजेखाली शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची आपली रीत आहे. निखाऱ्यांतून असा एक वायू निघतो की त्याला वास नाही, रंग नाही, धूरही नाही. बंद खोलीत माणसाला आधी गुंगी येते, डोके दुखते, मग झोपेतच जीव जातो. शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवून, कोणी जागे असताना द्यावा, आणि नंतर शेगडी बाहेर काढावी. बाळाला उबेसाठी आईचे अंग आणि कोरडे दुपटे यांपेक्षा चांगले काही नाही. धुरीने त्याची इवली छाती भरू नये.

इतके करूनही भाजलेच, तर कपडे पेटलेल्या माणसाने पळू नये, जमिनीवर लोळावे. दुसऱ्याने जाड घोंगडीने जाळ दाबावा. मग भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे. बांगड्या, अंगठ्या सूज येण्याआधी काढाव्यात. हळद, तूप, शाई, दंतमंजन काही लावू नये, फोड फोडू नये. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकावे, बाकीचे अंग उबदार ठेवावे आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. बीडचे जिल्हा रुग्णालय असो की अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचे रुग्णालय, लवकर पोचलेल्या माणसाला आशा जास्त.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. एक, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चार-चार जणींनी मिळून आळीतल्या घरांची धुराडी साफ करावीत, आणि ज्या घरी म्हातारी एकटी आहे तिथे आधी जावे. दुसरी, दसऱ्यानंतर ज्या बहिणी कोयता घेऊन निघतात, त्यांच्या घरी जाऊन कोपीतल्या विस्तवाची ही गोष्ट सांगावी आणि लोखंडाची एक जाळी बरोबर द्यावी. मंडळाच्या पेटीतून तेवढा खर्च निघेल. आणि घरातल्या कर्त्या पुरुषांनाही ऐकू जावे म्हणून मोठ्याने सांगते : लाकूड फोडून देणे आणि धुराडे बसविणे हे एकट्या बाईचे काम नाही. भाकरी सगळ्यांच्याच पोटात जाते.