बोलतं करणारी विद्या

मूल दोन वर्षांचे होते, पण अजून 'आई' म्हणत नाही. आजी म्हणते, "बोलेल हो! याचा बापही उशिराच बोलला." कुणी वेखंड उगाळून जिभेला लावते, कुणी नवस बोलते. असे करता करता पाचवे वर्ष लागते, शाळेत नाव घातले जाते, आणि तोवर गावाने त्याला एक नाव देऊन टाकलेले असते: 'मुका'.

आता असे पाहा, या मुलाच्या गळ्यात किंवा जिभेत बहुधा काहीच दोष नसतो. दोष असतो कानात. जे कानात शिरलेच नाही, ते जिभेवर कुठून यावे? बहिरे मूलही पहिले काही महिने इतर बाळांसारखेच हुंकारते, म्हणून घरच्यांची फसगत होते. भाषा शिकण्याचा खरा हंगाम पहिल्या काही वर्षांचा. पेरणीची वेळ टळली की पीक हाती येत नाही असे नाही, पण कष्ट दुप्पट पडतात.

हा दोष वेळीच ओळखणारी आणि मुलाला बोलते करणारी एक स्वतंत्र विद्या आहे. तिला वाचा-भाषा व श्रवणशास्त्र म्हणतात. बारावीपर्यंत शास्त्र विषय घेतलेल्या मुलामुलींना त्यात पदवी मिळविता येते. तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष प्रत्यक्ष कामाची उमेदवारी, असा हा चार वर्षांचा क्रम आहे. म्हैसूर येथे १९६५ साली या विद्येची अखिल भारतीय संस्था निघाली. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. पुण्यातही हे शिक्षण मिळते. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक मागवून पाहावे. पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवावे लागते.

तिथे शिकवतात तरी काय? कानाची आणि स्वरयंत्राची रचना, आवाजाचे पदार्थविज्ञान, मुलाच्या मनाची वाढ, भाषा घडते कशी, हे सारे. श्रवणयंत्र कानाला कसे जुळवावे, तोतरेपणा कसा हाताळावा, टाळू फाटलेल्या बाळाचे उच्चार शस्त्रक्रियेनंतर कसे सुधारावेत, हेही शिकवतात. पक्षाघाताने ज्यांचे शब्द हरवले, किंवा ज्यांना घास गिळता येत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांनाही याच विद्येचा आधार असतो.

तुम्ही म्हणाल, हे सारे मोठ्या शहरांचे झाले. वरोऱ्याकडच्या माणसाने त्याचे काय करावे? श्रोतेहो, मुद्दा नेमका इथेच आहे. डोळ्यांच्या वैद्याला रोग्याची भाषा थोडी कमी कळली तरी चष्मा देता येतो. वाचेच्या वैद्याचे तसे नाही. भाषा हेच त्याचे औषध. आपल्याकडे मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणते, 'डोळा'ला 'डोया' म्हणते. हा दोष आहे का? मुळीच नाही, ती त्याच्या घरची वऱ्हाडी बोली आहे. पण परक्या भागातून आलेला माणूस त्याला दोष समजेल आणि नसलेला आजार बरा करीत बसेल. उलट, खरा दोष असला तर 'यांची बोलीच अशी' म्हणून सोडूनही देईल.

भामरागडकडे गेले की हे आणखी उघड दिसते. तिथले मूल घरी माडिया बोलते. शाळेत मराठी ऐकून ते गप्प बसते, तर त्याला 'मठ्ठ' म्हणतात. ते मठ्ठ नाही, बहिरेही नाही. त्याला फक्त ती भाषा येत नाही. हे पारखायला माडिया, गोंडी जाणणारा माणूसच हवा. तो मुंबईहून येणार नाही, तो आपल्याच शाळांतून निघाला पाहिजे. वरोऱ्याला आनंदवनात मूकबधिर मुलांची शाळा आहे, आणि तिथेच १९६४ पासून आनंदनिकेतन महाविद्यालय आहे. गरज आणि शिक्षण इतकी जवळ असताना, आपली मुले या वाटेने का जाऊ नयेत?

शिक्षक बंधुभगिनींनो, आठवी-दहावीतल्या मुलांपुढे डॉक्टर, इंजिनियर आणि मास्तर यांखेरीज हेही एक नाव घ्या. ज्या मुलाचा कान तयार आहे, ज्याला धीर आहे आणि दोन बोली येतात, त्याला तर आवर्जून सांगा.

आणि आईबापांनो, तुमच्यासाठी थोडी खूण. मोठ्या आवाजाने बाळ दचकत नसेल, वर्षाचे होऊनही हाकेला वळत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडीत नसेल, तर वाट पाहू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. तोवर अंगणवाडीताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगून ठेवा.

वेखंड लावायचे तर लावा, पण आधी कान तपासून घ्या. गावाने मुलाला 'मुका' हे नाव देण्यापूर्वी त्याला एकदा नीट ऐकता येते का, एवढे तरी पाहू या.