तहकूब सभेचे गाव

(ग्रामविकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित भाग)



ग्रामविकास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रस्ता, पाझर तलाव, शाळेच्या खोल्या उभ्या राहतात. ही कामे कोणती, कोठे आणि कोणत्या क्रमाने व्हावयाची हे जेथे ठरते, त्या सभेविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. आज तेवढ्याच विषयावर बोलणार आहे.

१९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक ग्रामस्थ तिचा सदस्य. तो कोणत्या पक्षाचा, कोणत्या आळीचा हे कोणी विचारावयाचे नाही. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार सभा, सात दिवस आधी सूचना, आणि नियमित सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा. पुढे चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशभरातील ग्रामपंचायतींकरिता सुमारे दोन लाख कोटी रुपयांची शिफारस केली. 'आमचं गाव आमचा विकास' या नावाने गावाचा आराखडा गावानेच करण्याची पद्धत आपल्याकडे सुरू झाली. अधिकार आला, पैसा आला. सभा मात्र आली का?

येथे एक तरतूद नीट समजून घ्या. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. हेतू शुद्धच होता. लोक आले नाहीत म्हणून गावाचे काम अडू नये. परंतु वार्तांकनाच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना मी जे पाहिले ते असे की, पहिली सभा भरूच नये अशी तजवीज काही ठिकाणी हुशारीने केली जाते. दवंडी आदल्या रात्री, वेळ सकाळी अकराची, म्हणजे माणसे शेतावर असताना. दुसऱ्या सभेला पंधरा-वीस डोकी, त्यांत निम्मे पंचायतीचे सदस्य आणि त्यांचे भाऊबंद. आराखडा भराभर वाचला जातो आणि इतिवृत्तात लिहिले जाते, 'सर्वानुमते मंजूर'. वही तपासणाऱ्याला कोठेच काही खटकत नाही!

दोष केवळ सरपंचाचा आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांना हिशेब वाचता येतो ते शिक्षक, निवृत्त नोकरदार आणि सुट्टीत गावी जाणारे आपण सारे ओट्यावर बसून टीका करतो. चावडीकडे फिरकत नाही. तेथे गोंधळ असतो, हे आपले कारण. ज्या सभेत कागद पहिल्यांदाच दिसतो, तेथे गोंधळाशिवाय दुसरे काय होणार?

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे पाचशे वस्तीचे गोंडांचे गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा आपण ऐकली असेल. २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. मला अधिक मोलाचा वाटतो तो त्यांचा अभ्यासगट. विषय सभेपुढे येण्याआधी तेथे त्याची चिरफाड होते. बाहेरचा जाणकार बोलावतात, पण त्याने माहिती द्यावयाची, निर्णय गावाचा. तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. विरोध राहिला तर विषय पुढच्या बैठकीला. वेळ लागतो खरा. पण निवडणुकीनंतर दुभंगलेली गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या विलंबाची किंमत सांगावयास नको.

सहमतीतही एक धोका आहेच. दुबळ्याचे मौन संमती म्हणून मोजले जाते. वाडीवरचा मजूर मालकासमोर बोलत नाही, सून सासऱ्यासमोर बोलत नाही. म्हणूनच महिलांची सभा आधी घेण्याच्या तरतुदीला मी उपचार मानत नाही. नळाची वेळ आणि शाळेचे स्वच्छतागृह हे विषय तेथेच निघतात.

हिवरे बाजारने वेगळी वाट काढली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतरच्या काळात तेथे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची रीत पडली. पाऊस किती झाला ते मोजावयाचे, पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढावयाचे, आणि उरेल त्यावर पिके ठरवावयाची. आकडा सर्वांसमोर असला की मोठ्या शेतकऱ्यालाही आवाज चढवणे कठीण जाते.

तेव्हा पुढच्या सभेची तयारी आजपासून करा. मागच्या वर्षीचा आराखडा आणि जमाखर्च मागून घ्या, त्यातली कामे प्रत्यक्ष जाऊन पाहा, आणि वाडीवस्तीवर संध्याकाळी बसून तो कागद वाचून दाखवा. सभेची वेळ लोकांच्या सोयीची असावी असा लेखी अर्ज द्या. इतिवृत्त सभा उठण्यापूर्वी वाचून घ्या. आणि सभा तहकूब झालीच, तर पुढची तारीख तेथल्या तेथे विचारा व ती वस्तीवर सांगावयास स्वतः जा.